तुळशीपासून सोळा पावलं

मी पायाळू जन्मलो. आमच्या घरात त्याचे तीन अर्थ होते. पावसाळ्यात ढग कडाडायला लागले की मला अंगणातून आत ओढायचं, कारण पायाळू माणसाला वीज शोधत येते. गावात कुणाच्या कमरेत उसण भरली की मला झोपेतून उठवून न्यायचं आणि त्या माणसाच्या पाठीवर माझी लाथ मारून घ्यायची. आठ वर्षांचा होईपर्यंत निम्म्या गावाच्या पाठीला माझा पाय लागला होता, त्यात आमचे मास्तरही आले. तिसरा अर्थ मोठी माणसं दबक्या आवाजात बोलत. पायाळू मुलाला अंजन लावलं की त्याला भुईखालचं धन दिसतं.

आणि धन तर होतंच. त्याबद्दल वाड्यात कुणालाच शंका नव्हती.

वाडा धारवाडहून सौंदत्तीला जाणाऱ्या रस्त्याला, अम्मिनभावीच्या अलीकडे आहे. होता, असं म्हणायला हवं आता. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर माळवद, पुढे कट्टा, आत सोपा आणि मागे भलंमोठं हित्तल. परसाला आम्ही हित्तलच म्हणतो. पुण्याच्या पाहुण्यांना दर वेळी ते समजावून सांगावं लागे. हित्तलाच्या एका अंगाला गोठा, दुसऱ्या अंगाला तुळशीचा कट्टा. अज्जीची गोष्ट या कट्ट्यापासून सुरू होई.

"तुळशीकडं पाठ करायची, उत्तरेला तोंड करायचं आणि सोळा पावलं. पुरुषाची हं, बायकांची न्हवेत. तिथं हंडा हाय."

"केवढा, अज्जी?"

"तू मावशील एवढा."

हंड्यात काय आहे यावर मात्र घरात एकमत नव्हतं. अज्जीच्या हंड्यात होन होते. थोरले काका व्यवहारी. एका कारकुनाकडे हंडाभर होन येणार कुठून, म्हणून त्यांच्या हंड्यात बागलकोटच्या टांकसाळीतले मल्हारशाही रुपये. धाकट्या काकूच्या हंड्यात पुतळ्यांची माळ होती आणि ती नेमकी कुठे आहे हे थोरल्या जावेला ठाऊक असून ती सांगत नाही, असाही एक पदर त्या गोष्टीला होता. नाग तेवढा सगळ्यांच्या गोष्टीत एकच. म्हातारा, अंगावर केस आलेला, हंड्याला वेटोळं घालून बसलेला. अमावास्येला तो किणकिण वाजवतो. तिकडे खेळायला गेलं की तंगडी धरतो.

हंडा पुरला कुणी, तर आमच्या मूळ पुरुषानं. तो परशुरामभाऊ पटवर्धनांच्या लष्कराबरोबर तासगावकडून आला, बैलांच्या वैरणीचा हिशेब लिहायला. भाऊंनी धारवाडच्या किल्ल्याला वेढा घातला, किल्ला पडला, मूळ पुरुषाला जमीन मिळाली आणि त्याच रात्री धोंडिया वाघ आला. मग हंडा पुरला. अज्जीच्या गोष्टीत हे सगळं एका रात्रीत होई. पुढे मी पुस्तकं वाचली तेव्हा कळलं की त्या एका रात्रीत तिनं दहा वर्षं बसवली होती.

वेढा सुरू झाला १७९० च्या सप्टेंबरात. आत टिपूचा सरदार बद्रुज्जमानखान, बाहेर भाऊंची फौज आणि तिच्या जोडीला मुंबईहून आलेली कॅप्टन लिटलची इंग्रजी पलटण. साडेसहा महिने हे चाललं. त्या पलटणीत एडवर्ड मूर नावाचा एक तरुण लेफ्टनंट होता. त्यानं १७९४ साली या मोहिमेवर पुस्तक लिहिलं, आणि त्यातलं मराठी तोफखान्याचं वर्णन वाचताना मला आमचे सगळे काका एका रांगेत बसलेले दिसतात. तोफ भरायची. मग मोर्चातली सगळी मंडळी खाली बसून गप्पा मारणार, हुक्का ओढणार. अर्ध्या तासानं तोफ डागायची. समोर धुरळा भरपूर उडाला म्हणजे काम झालं. पुन्हा भरायची, पुन्हा गप्पा. दुपारी एक ते तीन दोन्ही बाजूंच्या तोफा बंद, जणू परस्परसंमतीनं, कारण ती जेवणाची वेळ. मूरला याचा राग आलेला दिसतो. धारवाडच्या बाजारात ज्यानं दुपारी दोन वाजता काही विकत घ्यायचा प्रयत्न केलाय त्याला राग येणार नाही.

किल्ला १७९१ च्या एप्रिलच्या सुरुवातीला हाती आला. त्याच वर्षी पाऊस गेला. १७९१-९२ चा तो दुष्काळ इतिहासात 'डोजी बरा' म्हणून नोंदलेला आहे, कवट्यांचा दुष्काळ, कारण मेलेल्यांना जाळायला-पुरायलाही माणसं उरली नाहीत. आणि धोंडिया वाघ या मुलखात धुमाकूळ घालत होता तो १८०० साली. श्रीरंगपट्टणच्या तुरुंगातून सुटलेला हा माणूस स्वतःला दोन्ही जगांचा राजा म्हणवून घेई. पेशव्यांकडून धारवाडचा सुभा सांभाळणारे धोंडोपंत गोखले, म्हणजे बापू गोखल्यांचे चुलते, त्याच्याशी लढताना पडले, आणि त्यांच्या रक्तानं त्यानं मिशा रंगवल्या असं सांगतात. अज्जी सांगताना स्वतःच्या वरच्या ओठावरून बोट फिरवी. त्याच सालच्या सप्टेंबरात आर्थर वेलस्लीनं धोंडियाला कोनगलजवळ गाठून संपवलं. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच.

असा हा मुलूख. त्याच्याही आधी, १६७३ साली, अण्णाजी दत्तोंनी हुबळीची पेठ लुटली तेव्हा तिथल्या इंग्रज वखारीनं आपलं नुकसान ७,८९४ होन लावलं होतं. नंतर १८२४ साली कित्तूरच्या खजिन्यावर मोहोर लावायला धारवाडचा कलेक्टर थॅकरे गेला आणि २३ ऑक्टोबरला तिथंच मारला गेला. विल्यम थॅकरे या कादंबरीकाराचा तो चुलता. ज्या भागात राजाच्या तिजोरीवर कलेक्टर मोहोर लावायला येतो, तिथं सामान्य माणूस आपलं किडूकमिडूक भिंतीत, चुलीखाली, नाहीतर हित्तलात ठेवणार. बँक नव्हती, पण भुई होती.

अंजनाची रात्र मी नऊ वर्षांचा असताना आली. लांबच्या नात्यातले एक गृहस्थ कुठल्याशा जाणत्याला घेऊन आले. त्यानं कसलं तरी तेल जाळून काजळ धरलं, माझ्या डाव्या अंगठ्याच्या नखावर ते थापलं, समोर समई ठेवली आणि नखात बघ म्हणाला. भोवती बारा माणसं. मी बघितलं. काळ्या चकचकीत नखात समईची ज्योत दिसत होती, आणि माझ्या खांद्यावरून वाकलेल्या अज्जीची नथ.

"काय दिसतंय?"

"सोनं," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

रातोरात खणायला सुरुवात झाली. दोन गड्यांनी कमरेइतका खड्डा केला. सोळा पावलं कुणाच्या मापानं, यावर खड्ड्याच्या काठावर भांडण झालं. नात्यातले गृहस्थ बुटके होते आणि काका सहा फूट. गृहस्थांचं माप धरलं. खड्डा गोठ्याच्या भिंतीच्या पायाला लागला. मग जाणता म्हणाला, काळं कोंबडं लागेल. इतका वेळ कट्ट्यावर गप्प बसलेले आजोबा उठले, "या घरात कोंबडं कापलं जाणार नाही" एवढंच बोलले आणि त्यांनी कंदील विझवला. जाणता दक्षिणा घेऊन गेला. जूनच्या पावसात त्या खड्ड्यात पाणी भरलं आणि गोठ्याची भिंत बसली, एक म्हैस जायबंदी झाली. आमच्या घराण्याला गुप्तधनाचा लागलेला हा पहिला ठोस खर्च. नरबळीपर्यंत जाणाऱ्या बातम्या आपण वाचतो, गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार आता महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कायद्यानं गुन्हा आहेत. आमचं एका म्हशीच्या पायावर निभावलं.

आजोबा त्या रात्री एवढे का चिडले होते, हे मला कळायला जवळजवळ साठ वर्षं लागली.

वाडा विकायचं ठरलं तेव्हा वाटेकरी एकोणीस होते आणि राहायला कुणीच नव्हतं. माळवद दोन ठिकाणी बसलं होतं. डिसेंबरात सह्यांसाठी सगळे जमले, त्यात माझ्या पुतण्याचा थोरला अमेरिकेहून आला. बॅगेतून त्यानं एक घडीची काठी काढली, तिला खाली ताटलीएवढी चकती लावली, कानाला हेडफोन लावले.

"अज्जा, हे तुझं अंजन," तो म्हणाला.

मेटल डिटेक्टर. चकतीत तारेचं वेटोळं असतं, त्यातून उलटसुलट वीज खेळवतात. त्या चुंबकी क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्या तुकड्यात भोवरे उठावेत तशी वीज फिरते, आणि ती आपलं छोटंसं उलट क्षेत्र तयार करते. दुसरं वेटोळं ते ऐकतं. तांबं-चांदी एक सूर, लोखंड दुसरा. युक्ती जुनी आहे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली तेव्हा ती शोधायला टेलिफोनवाले ग्रॅहम बेल असंच एक यंत्र घेऊन गेले होते, पण गोळी सापडली नाही. पलंगात धातूच्या स्प्रिंगा होत्या, त्यांनी घोळ केला असं म्हणतात. आमच्याही पोरानं पहिली दहा मिनिटं स्वतःच्या बुटांतल्या लोखंडी टाचा शोधल्या.

मग त्यानं मला एक गोष्ट ऐकवली, आणि ती ऐकून मला त्या यंत्राबद्दल आदर वाटायला लागला. इंग्लंडात सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी १९९२ साली एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याचा मित्र हातोडा शोधायला असलंच यंत्र घेऊन गेला आणि त्याला जवळजवळ पंधरा हजार रोमन नाणी सापडली, वर दागिने, चमचे. त्यांनी स्वतः उकरत न बसता कळवलं, पुरातत्त्ववाल्यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. हातोडाही सापडला. नाणी आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि हातोडाही.

"इथं असं कळवायचं कुणाला?" त्यानं विचारलं. मी त्याला कायदा सांगितला, कारण वकिलानं तो मला आदल्याच आठवड्यात सांगितला होता. इंग्रजांनी १८७८ साली केलेल्या निखात-निधीच्या कायद्यात दहा रुपयांच्या वरचं काही जमिनीत सापडलं की कलेक्टरला लेखी कळवायचं. धनाला वारस नाही असं ठरलं तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश, जागेच्या मालकाला एक. लपवलं तर तुरुंग. कर्नाटकानं १९६२ साली स्वतःचा कायदा केला. शिवाय शंभर वर्षांपूर्वीचं नाणं म्हणजे १९७२ च्या कायद्यानं पुरावशेष, ते देशाबाहेर नेता येत नाही. आणि संरक्षित स्मारकाच्या आवारात तर असली काठी घेऊन फिरायचंच नाही. पोराचा चेहरा जरा उतरला. एकोणीस वाटेकऱ्यांत एक चतुर्थांशाचा भागाकार काकूनं मनातल्या मनात केलेला मला दिसला.

सकाळी सातला सुरुवात झाली. धारवाड मोठ्या गमतीच्या रेषेवर बसलंय: पश्चिमेला मलनाड, भात आणि तांबडी माती, पूर्वेला बेळवल, काळी एरी आणि जोंधळा-कापूस. आमचं हित्तल मधल्या उंचवट्यावर, वर तांबडी मसारी, खाली मुरूम. तांबड्या मातीत लोह असतं आणि यंत्राला ते ऐकू येतं. पहिला तासभर ते नुसतं कण्हत होतं. पोरगं चकती वरखाली करून त्याला माती 'ओळखायला' शिकवत होतं. आणखी एक सांगतो, नाहीतर कुणी उगाच पैसे घालवील. एकटं नाणं वीतभर, फार तर सव्वा वीत खोल असेल तरच असल्या हौशी यंत्राला ते कळतं. पुरुषभर खोल पुरलेला हंडा त्याला कळत नाही. म्हणजे अंजन आणि यंत्र यांची मजल साधारण सारखीच.

दुपारपर्यंत सुपात जमलेला ऐवज असा: खिळे अठ्ठावन्न, बैलाच्या खुराच्या पत्र्या चार, सायकलची साखळी, टॉर्चचे फुटलेले सेल, बंबाची चावी, एक घुंगरू, सोडा-बाटल्यांची बुचं, १९५७ चा एक नया पैसा. प्रत्येक वेळी किणकिण वाजलं की एकोणीस वाटेकरी धावत आणि खिळा बघून परत कट्ट्यावर बसत. शेजारचे गौडा गडग्याच्या पलीकडून सगळं बघत उभे होते. शेवटी त्यांना राहवेना.

"इल्ली रोक्क इल्ल री," ते म्हणाले. इथं पैसा नाही. मराठीतला रोख तोच कन्नडातला रोक्क. या शब्दावर दोन्ही भाषांत कधी वाद झालेला नाही.

गोठ्याच्या पडक्या भिंतीशी, माझ्या त्या खड्ड्याच्या जवळच, यंत्र वेगळ्या सुरात वाजलं. वीतभर खाली मातीचं ढेकूळ, ढेकळात गोल हिरवं काहीतरी. जाड, रुपयाहून जड. पोरानं ते नळाखाली धरलं आणि बोटानं पुसलं. एका बाजूला हत्ती. शेपटी, सोंड, पाठीची कमान स्पष्ट. टिपूचा तांब्याचा पैसा.

मी ते तळहातावर घेतलं. टिपूनं आपल्या नाण्यांना ग्रहताऱ्यांची नावं दिली होती. पैशाचं नाव जोहरा, म्हणजे शुक्र. त्यानं साल मोजायची पद्धतही बदलली आणि नव्या सालाचे आकडे उजवीकडून डावीकडे लिहायला लावले. शहरांची नावंही बदलली. धारवाड त्याच्या नाण्यांवर खुर्शीद सवाद होतं. हे सगळं आठवत मी चष्मा शोधायला आत गेलो, म्हणजे मागच्या बाजूचं टांकसाळीचं नाव लावता येतंय का बघावं. बाहेर आलो तो काकूनं नाणं चिंच-मीठ लावून घासून लख्ख केलेलं. देवाचा तांब्या घासते तसं. हत्ती नवा कोरा दिसत होता आणि दुसऱ्या बाजूची अक्षरं, जी आधीच झिजलेली होती, ती बरीचशी चिंचेनं खाल्ली होती. नाणी गोळा करणाऱ्या माणसाला हे सांगून बघा. तो तुमच्याकडे कसा बघतो ते बघा. जुनं नाणं सापडलं तर साध्या पाण्याखेरीज त्याला काही लावू नये. तेही शक्यतो लावू नये.

वेढ्याच्या दिवसांतला पैसा, हे खरं. मूळ पुरुषाच्या कनवटीतून पडला असेल, किंवा टिपूच्या एखाद्या शिपायाच्या, किंवा पन्नास वर्षांनी बाजारात मोडीत आलेला असेल. एका पैशावर घराण्याचा इतिहास उभा करायचा मोह मला झाला, पण मी तो आवरला.

सोळा पावलं आम्ही शेवटी मोजली. मी मोजली, पोरानं मोजली, मग माप काढण्यासाठी एक उंच आणि एक बुटका असे दोन वाटेकरी चालवले. चारी ठिकाणं दीड वाव अंतरात आली. पोरानं तिथं चकती फिरवली. पहिल्यांदा पातळ सूर: उकरलं तर भोकाचा पैसा. दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवायला सरकारनं मधे भोक पाडलेला पैसा काढला होता, १९४३ सालापासून. पोरं तो करदोट्यात ओवत. त्याच्या खाली मात्र यंत्र ओरडायला लागलं. लोखंड, मोठं.

कट्ट्यावरचे सगळे उठले. या वेळी कुणी बोलत नव्हतं. हातभर मुरूम काढल्यावर लोखंडाची कडी लागली, मनगटाएवढी जाड, आणि कडीखाली घडीव दगडाची फरशी. काकूनं डोक्यावर पदर घेतला. पोराचे हात थरथरत होते. माझे नव्हते असं नाही.

गौडा गडगा ओलांडून आत आले, वाकून बघितलं आणि कंबरेवर हात ठेवून सरळ झाले.

"हगेव ऐत्री," ते म्हणाले. हगेव, म्हणजे पेव.

आपल्या बोलण्यात पेव आता फक्त फुटतं. क्लासेसचं पेव फुटलं, पुरस्कारांचं पेव फुटलं. ज्यानं खरं पेव पाहिलंय तो ते इतक्या सहज फोडणार नाही. मुरमाड, कोरड्या उंचवट्यावर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड ठेवून आत घागरीच्या पोटासारखं खणत जायचं, दोन पुरुष खोल. कडेनं कडबा लावायचा, जोंधळा ओतायचा, वर फरशी, फरशीवर माती, मातीवर शेणाचा सारवा. आतला जोंधळा श्वास घेतो आणि पेवातली हवा संपवतो. किडे गुदमरतात, धान्य वर्षानुवर्षं टिकतं. पेवाच्या जोंधळ्याला एक उग्र वास येतो. भाकरीलाही येतो. दुष्काळात त्या वासाला कुणी नाक मुरडत नाही.

मी थोरल्या आत्याला फोन लावला. ती एक्क्याण्णव वर्षांची, बेळगावात असते, कानानं अधू पण बाकी चोख. मी ओरडून सांगितलं, सोळा पावलांवर पेव सापडलं.

"मग? तिथंच होतं की ते," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं ते असं. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात. लढाईच्या दिवसांत रेशनिंग आलं, धान्याची लेव्ही आली. घरटी इतकं ठेवा, बाकी सरकारला घाला. तपासायला माणसं येत. आजोबांनी दोन वर्षांचा जोंधळा पेवात घातला, वर हित्तल सारवून घेतलं आणि शेवग्याची रोपं लावली. आत्या तेव्हा बारा वर्षांची होती, तिच्या खाली सहा भावंडं. पोरांच्या तोंडाला कुलूप कसं घालायचं? शिवाय पेवाच्या तोंडाशी पोर गेलं आणि फरशी सरकली तर आत गुदमरून जाणार. म्हणून अज्जीनं तिथं नाग आणून बसवला. केस आलेला. पोरं सात वर्षं त्या बाजूला फिरकली नाहीत, आणि लेव्हीच्या माणसाला एकदा धाकट्या काकानंच बजावलं होतं, तिकडे जाऊ नका, नाग आहे.

"आणि हंडा? तोही अज्जीनंच—"

"नाग तेव्हाचा. हंडा आधीचा. माझी अज्जीबी हंड्याचं सांगत होती." थोडं थांबून आत्या म्हणाली, "तिला पण तिच्या पोरांचं तोंड धरायचं असंल. दुष्काळ काय एक आला होता?"

म्हणजे तेही पेवच असणार, असं मी धरून चालतो. अज्जीच्या सासूच्या वेळी १८७६-७८ चा दुष्काळ होऊन गेला होता. त्याच्या आधीचा कवट्यांचा. काका आयुष्यभर विचारत राहिले की कारकुनाकडे होन येणार कुठून. वैरणीचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाकडे काय येणार, हे त्यांनी विचारायला हवं होतं. आणि आजोबांनी त्या रात्री कंदील का विझवला तेही आता कळतं. लेव्ही उठून बरीच वर्षं झाली होती, पण आपल्या हित्तलात जाणत्यासमोर, बारा लोकांदेखत कुणी खणावं, हे त्यांच्या अंगात बसलेलं नव्हतं.

पोराला पेवात उतरायचं होतं. गौडांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. फरशी सरकवून ते भोक रात्रभर उघडं ठेवलं, भोवती काटे टाकले. सकाळी दोरीला कंदील बांधून आत सोडला. आठ हातांवर ज्योत बारीक झाली, बारा हातांवर गेली. पुन्हा दिवसभर थांबलो, सूप घेऊन वारा घातला. तिसऱ्या दिवशी कंदील तळाला टेकला आणि जळत राहिला. त्याच्या उजेडात दिसलं ते एवढंच: काळ्या पडलेल्या कडब्याचं अस्तर, तळाला मुठी-दोन मुठी काळा भुसा, आणि एका कडेला उतरायला कोरलेल्या खोबण्या. यंत्राची चकती दोरीनं खाली सोडून फिरवली. एकदाही वाजली नाही.

हत्तीच्या पैशाबद्दल आम्ही सरकारी कचेरीत लेखी कळवलं आणि त्याची पोच घेतली. भोकाचा पैसा आत्याला नेऊन दिला. तिनं तो डोळ्यांजवळ धरला, तो कुणाचा ते माहीत नाही म्हणाली आणि कनवटीला लावला. वाड्याच्या खरेदीखतात पेवाची जागा नकाशावर लाल शाईनं दाखवली आहे, नाहीतर नव्या घराचा कॉलम बरोबर त्याच्यावर यायचा.

तुमच्याही जुन्या घराच्या परसात कडीची फरशी लागली तर एवढं करा. पैसा समजून धावू नका, आणि कुणी कितीही पायाळू असला तरी त्याला आत उतरवू नका. तोंड उघडं ठेवा, भोवती काटे टाका, दुसऱ्या दिवशी कंदील सोडा. तो विझला तर झाकून ठेवा. आणि घरात कुणी नव्वदीचं माणूस असेल तर खणायच्या आधी त्याला विचारा.